दिवस, आठवडा, महिना: ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये फिरताना

महिन्याचे पान समोर ठेवून कोणालाही वेळ देऊ नये. ऑफिसचे कॅलेंडर वापरणाऱ्या माणसाला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी हीच सांगेन. महिन्याच्या चौकोनात पंधरा मिनिटांचा फोन आणि चार तासांचे ऑडिट दोन्ही एकेका ओळीत मावतात. त्यामुळे ‘मंगळवारी दोनच कामं आहेत, या तुम्ही’ असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात त्या दोन कामांनीच सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा सगळा वेळ व्यापलेला असतो. मग दिलेला शब्द मागे घ्यावा लागतो, आणि समोर साहेब असो, ग्राहक असो वा शेजारच्या खात्यातला सहकारी, तो फोन करताना जीभ अडखळतेच.

दिवस, आठवडा आणि महिना या तीन बटणांपैकी बहुतेक जण एकच वापरतात. पहिल्या दिवशी जो व्ह्यू उघडला, तोच वर्षानुवर्षे चालू राहतो. तिघांची कामे मात्र वेगळी आहेत. आता काय आणि यानंतर काय, हे दिवस सांगतो. मोकळा वेळ कुठे आहे, हे आठवड्यात दिसते. कोणती तारीख अंगावर येते आहे, हे महिन्यात कळते. कोणता प्रश्न कुठे विचारायचा हे उमगले की कॅलेंडरवरचा विश्वास वाढतो. इथे उदाहरणे घेतली आहेत ती गूगल कॅलेंडर आणि मायक्रोसॉफ्ट आउटलुकची, कारण आपल्याकडच्या ऑफिसांत बहुतेक वेळा यांपैकी एक असते.

नोंद एकच, खिडक्या तीन

कॅलेंडरमधली मीटिंग म्हणजे आत साठवलेली एक छोटी नोंद. अशा नोंदीचा सर्वमान्य नमुना ‘आयकॅलेंडर’ या नावाने नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सप्टेंबर २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. सुरुवात कधी, शेवट कधी, टाइम झोन कोणता, पुन्हा पुन्हा येणार असेल तर कोणत्या नियमाने, बोलावणे कोणी पाठवले आणि कोणाला, एवढे त्यात असते. आउटलुकमधून पाठवलेले बोलावणे गूगल कॅलेंडरमध्ये नीट उतरते ते या नमुन्यामुळेच. तुम्ही ती नोंद दिवसाच्या व्ह्यूत पाहिली की महिन्याच्या, याची खूण तिच्यात कुठेही उरत नाही.

म्हणून व्ह्यूची बटणे बिनधास्त दाबावीत. त्याने काही पुसले जात नाही. जपायचे ते माउसने ओढताना. मीटिंग धरून दुसरीकडे सरकवली तर नोंद खरोखर बदलते. महिन्याच्या व्ह्यूत सरकवली तर तारीख बदलते आणि वेळ तीच राहते. आठवड्याच्या व्ह्यूत दोन्ही बदलू शकतात.

‘बोलावणं आलं होतं, पण आता मीटिंग दिसतच नाही’ ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण निघते. आपण भलत्याच आठवड्यावर उभे असतो, किंवा शनिवार-रविवार लपवलेले असतात, किंवा डाव्या बाजूच्या यादीत त्या कॅलेंडरपुढची खूण निघालेली असते. आधी ‘आज’ हे बटण दाबावे, मग बाकीच्या दोन गोष्टी तपासाव्यात.

हाताशी ठेवायच्या कळा

व्ह्यू बदलण्यासाठी प्रत्येक वेळी माउस वर न्यावा लागला, तर माणूस कंटाळतो आणि एकाच व्ह्यूत मुक्काम ठोकतो. म्हणून चार-पाच शॉर्टकट बोटांत बसवणे खरोखर फायद्याचे आहे.

गूगल कॅलेंडरमध्ये संगणकावर ‘डी’ दाबले की दिवस येतो, ‘डब्ल्यू’ने आठवडा, ‘एम’ने महिना. ‘टी’ आजच्या तारखेवर परत आणते. ‘जे’ किंवा ‘एन’ पुढे नेते, ‘के’ किंवा ‘पी’ मागे. पुढे-मागे म्हणजे ज्या व्ह्यूत आहात त्या मापाने: दिवसात एक दिवस, महिन्यात एक महिना. ‘जी’ दाबून हवी ती तारीख लिहिली की थेट तिथे जाता येते. यातले काहीच चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट चालू आहेत का ते पाहावे.

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट धरून १ दाबले की दिवस, २ ला कामाचा आठवडा, ३ ला पूर्ण आठवडा, ४ ला महिना. कंट्रोल आणि ‘जी’ने तारीख विचारणारी छोटी चौकट उघडते. नुसता ऑल्ट धरून ३ दाबले तर तीन दिवस शेजारी शेजारी दिसतात, ५ दाबले तर पाच. ही सोय मला फार आवडते. शुक्रवारी दुपारी ऑल्ट आणि ४ दाबले की शुक्रवार ते सोमवार एकत्र दिसतो. आठवड्याच्या ठराविक चौकटीत तो कधीच तसा दिसत नाही.

तारीख टाइप करताना एक सावधगिरी बाळगावी. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५/६ म्हणजे ६ मे, भारतीय पद्धतीवर असेल तर ५ जून. नवा लॅपटॉप हाती आला की हे एकदा तपासून घ्यावे.

दिवसाचा व्ह्यू

दिवसाच्या व्ह्यूत डावीकडे तासांची पट्टी असते आणि प्रत्येक कामाची उंची त्याच्या वेळेइतकी असते. गूगलमध्ये आत्ताची वेळ दाखवणारी लाल रेघ हळूहळू खाली सरकत असते. काम चालू असताना हाच व्ह्यू उघडा असावा.

क्लासिक आउटलुकमध्ये तासांच्या पट्टीवर उजवे क्लिक केले की तिचे माप बदलता येते: ६०, ३०, १५, १०, ६ किंवा ५ मिनिटे. यातले सहा मिनिटांचे माप पाहून अनेकांना नवल वाटते. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग, आणि वेळेनुसार फी लावणारे अनेक वकील याच मापाने हिशेब ठेवतात. दवाखान्यात किंवा मुलाखतींच्या दिवशी दहा किंवा पंधरा मिनिटांचे माप बरे पडते. तीस मिनिटांच्या मापात दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी एकमेकींना चिकटून वाचेनाशा होतात.

या व्ह्यूचा खरा उपयोग इतरांची कॅलेंडरे शेजारी ठेवून पाहण्यात आहे. चार जणांचा एकाच दिवशीचा मोकळा तास शोधायचा असेल, तर त्यांचे चार उभे रकाने शेजारी लावावेत आणि नजर आडवी फिरवावी. गूगलमध्ये दिवसाच्या व्ह्यूत कॅलेंडरे अशी शेजारी दाखवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे. आउटलुकमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून शेड्यूल व्ह्यू आहे. त्यात वेळ आडवी धावते आणि माणसे किंवा मीटिंगच्या खोल्या एकाखाली एक येतात. खोली बुक करणाऱ्यांनी तोच वापरावा.

आठवडा: इथेच मुक्काम असावा

तिन्हींतला एकच घरचा म्हणून निवडायचा, तर माझे मत आठवड्याला. कामाची उंची इथेही वेळेइतकीच असते, म्हणून भार खरा दिसतो, आणि सात रकाने शेजारी असल्याने बुधवारचे काम गुरुवारी ढकलले तर गुरुवार फुटेल का, हेही तिथेच कळते. मात्र हा व्ह्यू आपल्या ऑफिसच्या रीतीप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो, आणि तेवढेच नेमके राहून जाते.

पहिला प्रश्न शनिवारचा. आउटलुकचा ‘कामाचा आठवडा’ मुळात सोमवार ते शुक्रवार असतो. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तिथे हे बरोबर बसते. बँकांचे वेगळे. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद, बाकीचे शनिवार चालू. अनेक खासगी कंपन्या आणि कारखान्यांची कार्यालयेही अशीच चालतात. अशा ठिकाणी सोमवार-शुक्रवारचा व्ह्यू ठेवला तर कामाचा शनिवार पडद्यावरून गायब होतो आणि त्या दिवशीची मीटिंग कोणालाच दिसत नाही. सेटिंग्जमध्ये शनिवार कामाच्या दिवसांत घ्यावा, आणि सुट्टीच्या शनिवारांसाठी ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ आणि ‘चौथा शनिवार’ अशा दोन आवर्ती नोंदी कराव्यात. २०२६ च्या ऑगस्टमध्ये शनिवार पाच आहेत: १, ८, १५, २२ आणि २९. त्यातले ८ आणि २२ नियमाने गेले आणि १५ स्वातंत्र्यदिनाला गेला. असा महिना तोंडी हिशेबात हमखास चुकतो.

दुसरा प्रश्न आठवड्याच्या पहिल्या दिवसाचा. रविवारपासून सुरू केला तर शनिवार आणि रविवार आठवड्याच्या दोन टोकांना जातात; सोमवारपासून केला तर दोन्ही शेवटी एकत्र येतात. ऑफिससाठी सोमवार सोयीचा. पण त्याहून महत्त्वाचे हे की एका टीममध्ये सगळ्यांचे सारखे असावे. ‘पुढच्या आठवड्यात रविवारी’ म्हणजे नेमका कोणता रविवार, यावरून उगाच घोळ होतो.

तिसरा आठवड्याच्या क्रमांकाचा. पुणे-चाकणच्या वाहन उद्योगात जर्मन मंडळींशी काम करणाऱ्यांना मेलमध्ये ‘केडब्ल्यू ३२’ असे लिहिलेले ओळखीचे असेल. तो वर्षातला बत्तिसावा आठवडा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. आउटलुकमध्ये मात्र १ जानेवारी ज्या आठवड्यात पडतो तो पहिला, असाही पर्याय आहे. २०२६ मध्ये १ जानेवारी गुरुवारी असल्याने दोन्ही पद्धतींत पहिला आठवडा एकच येतो. २०२७ मध्ये १ जानेवारी शुक्रवारी आहे. मानकानुसार तो २०२६ चा त्रेपन्नावा आठवडा ठरतो आणि २०२७ चा पहिला आठवडा ४ जानेवारीला सुरू होतो. सेटिंग चुकीचे राहिले तर वर्षभर सगळे क्रमांक एकाने पुढे राहतील, आणि माल पाठवण्याची तारीख एक आठवडा हुकेल. सोमवार हा पहिला दिवस आणि ‘पहिला चार दिवसांचा आठवडा’ हा पर्याय निवडला की हिशेब जुळतो.

चौथा टाइम झोनचा. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तासांच्या पट्टीशेजारी दुसऱ्या देशाची पट्टी लावता येते. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असते, थंडीत साडेसातला. ती सरकेल की नाही, हे नोंद कोणत्या टाइम झोनला बांधली आहे यावर ठरते. न्यूयॉर्कच्या माणसाने तिथल्या वेळेत बोलावणे पाठवले असेल तर आपल्याकडे ती तासभर पुढे जाते. पुण्यातून साडेसहाला केलेली असेल तर आपली तशीच राहते आणि तिकडच्या माणसाला सकाळी आठला बसावे लागते. ब्रिटनमधली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे २०२६ मध्ये २५ ऑक्टोबरला, आणि अमेरिकेतली १ नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात लंडन, न्यूयॉर्क आणि पुणे यांचे नेहमीचे गणित मोडते. दर ऑक्टोबरअखेरीस आठवड्याच्या व्ह्यूत दोन-तीन आठवडे पुढे जाऊन एकमेकींवर चढलेल्या मीटिंगा पाहून घ्याव्यात. त्या महिन्याच्या पानावर कळत नाहीत.

महिना: मुदतींचे पान

महिन्यावर माझा राग नाही. मुदतींसाठी त्याच्यासारखा दुसरा व्ह्यू नाही. अकाउंट्स विभागात तर तोच राजा: ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, दरमहा विवरण देणाऱ्यांना ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी, शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला अग्रिम कर. अशा तारखांना तासांशी देणेघेणे नसते. कोणती रविवारी पडते, कोणती सणाला लागून येते, हेच पाहायचे असते.

आपली नजर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरने घडवलेली आहे. ‘कालनिर्णय’च्या पानावर वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि आठवडा वरून खाली उतरतो. पडद्यावर वार माथ्यावर असतात आणि आठवडा डावीकडून उजवीकडे जातो. घाईत पाहताना चौकोनाचा वार चुकू शकतो, म्हणून तारीख बोलताना वारही बोलावा: ‘अठरा, बुधवार’.

महिन्याच्या व्ह्यूत तीन गोष्टी जपाव्यात. चौकोनात जागा संपली की उरलेल्या नोंदी ‘आणखी २’ अशा एका ओळीत गुंडाळल्या जातात. महत्त्वाची मुदत त्यातच दडलेली असू शकते, त्यामुळे ती ओळ उघडून पाहावी. गूगलमध्ये तारखेच्या आकड्यावर क्लिक केले की तो दिवसच उघडतो.

दुसरी गोष्ट महिनाअखेरची. २९ तारखेला महिना उघडला की पडद्यावर बहुतेक सारा गेलेला काळ दिसतो आणि समोर येणारे पंधरा दिवस पुढच्या पानावर राहतात. गूगलच्या सेटिंग्जमध्ये स्वतःचा व्ह्यू ठरवता येतो, दोन ते सात दिवसांचा किंवा दोन, तीन, चार आठवड्यांचा. मग ‘एक्स’ दाबले की तो येतो. चार आठवड्यांचा ठेवला तर महिन्याच्या सीमेची अडचणच राहत नाही. क्लासिक आउटलुकमध्ये महिन्याच्या व्ह्यूत माउसचे चाक फिरवले की पान एकेका आठवड्याने सरकते आणि चालू आठवडा सर्वांत वर आणता येतो.

तिसरी सर्वांत नुकसान करणारी. महिन्याच्या चौकोनात क्लिक करून नवी नोंद केली की ती ‘पूर्ण दिवसाची’ होते, आणि पूर्ण दिवसाच्या नोंदीत दोन्ही सॉफ्टवेअर मुळात तुम्हाला ‘मोकळे’ धरतात. वाढदिवसासाठी ते ठीक आहे. पण तुम्ही महिन्याच्या पानावर पाच दिवसांची रजा अशीच टाकली, तर तुम्हाला पानभर रंगीत पट्टी दिसते आणि मीटिंग ठरवणाऱ्याला मात्र ते पाचही दिवस मोकळे दिसतात. तो बोलावणे पाठवतो, तुम्ही गावी असता, आणि दोष कोणाचा यावर मने खट्टू होतात. रजेची नोंद करताना ती उघडून ‘व्यग्र’ किंवा ‘ऑफिसबाहेर’ असे आठवणीने करावे. नव्या माणसाला कॅलेंडर शिकवताना मी हे सर्वांत आधी शिकवावे असे म्हणेन.

बाजूचा छोटा महिना

डाव्या बाजूला एक चिमुकला महिना असतो, त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. त्याचा उपयोग असा की मोठ्या पडद्यावर आठवडाच ठेवून हव्या त्या तारखेवर उडी मारता येते. क्लासिक आउटलुकमध्ये ज्या तारखांना काही काम आहे त्या ठळक दिसतात. तिथेच कंट्रोल धरून सलग नसलेल्या तारखा निवडल्या तर त्या शेजारी शेजारी उघडतात. दर मंगळवारी तास घेणाऱ्या प्रशिक्षकाला चार मंगळवार एकत्र पाहायचे असतील तर याहून सोपा मार्ग नाही.

फोनवर

फोनच्या अरुंद पडद्यावर सात रकाने म्हणजे डोळ्यांना शिक्षा. गूगलच्या अॅपमध्ये तीन दिवसांचा व्ह्यू आहे, तो घ्यावा, किंवा सरळ यादीसारखा उतरणारा शेड्यूल. लोकलमध्ये किंवा रिक्षात बसून ‘यानंतर काय’ एवढेच पाहायचे असते, त्याला यादी पुरते. वेळ देण्याचे काम ऑफिसात पोहोचून मोठ्या पडद्यावर करावे.

एक मीटिंग ठरवून पाहू

पुण्याच्या ऑफिसला न्यूयॉर्कच्या ग्राहकाबरोबर २०२६ च्या नोव्हेंबरात दोन तासांचा आढावा घ्यायचा आहे. आधी महिना उघडावा. ८ तारखेला रविवारी लक्ष्मीपूजन, १० ला पाडवा, ११ ला भाऊबीज. म्हणजे तो आठवडा अर्ध्याहून अधिक रजेवर. २६ ला अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, तो आठवडा तिकडे रिकामा. मधे उरला १६ ते २० चा, आणि त्यात २० तारीख जीएसटीमुळे अकाउंट्सच्या लोकांना नको.

आता ‘डब्ल्यू’ दाबून त्या आठवड्यात यावे आणि न्यूयॉर्कची पट्टी शेजारी लावावी. घड्याळे बदलून गेली आहेत, त्यामुळे त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. समजा सोमवारी आणि गुरुवारी त्याच वेळेला नेहमीचे फोन आहेत, मंगळवारी दुपारपासून सलग कामे आहेत, आणि बुधवारी साडेसहानंतर काही नाही.

मग बुधवार, १८ नोव्हेंबर उघडून ‘डी’ दाबावे आणि आपल्याकडच्या तिघांची कॅलेंडरे शेजारी आणावीत. एकीला साडेनऊची बस गाठायची आहे, तशी नोंद तिने करून ठेवली आहे. साडेसात ते साडेनऊ घेतले तर तिची बस चुकेल. साडेसहा ते साडेआठ घेतले तर न्यूयॉर्कच्या माणसाला सकाळी आठला बसावे लागेल. त्याला आधी मेल करून आठ वाजता चालेल का ते विचारावे, होकार आला की न्यूयॉर्कच्या टाइम झोनमध्ये आठ अशी नोंद करून, खोली जोडून बोलावणे पाठवावे.